वीस तारखेनंतर

पुण्यात शिकायला आलेल्या मुलांच्या पैशांबद्दल बोलायला लागलं की मोठी माणसं हमखास उधळपट्टीवर येतात. दोनशे रुपयांची कॉफी, चार हजारांचे बूट, शनिवार-रविवारी लोणावळा. अशी मुलं आहेत, त्यांचं बरं चाललेलं असतं, आणि त्यांच्यासाठी दिवाळी अंकाची पानं खर्ची घालायचं कारण नाही. मी ज्यांच्याशी बोललो ती मुलं-मुली नारायण पेठेत, कर्वेनगरात, धनकवडीत नाहीतर नऱ्हे-आंबेगावच्या बाजूला एका खोलीत तिघं-चौघं अशी कॉट बेसिसवर राहतात. लातूर, नांदेड, बीड, जळगाव, सोलापूर इकडची. त्यांचा महिन्याचा हिशेब मांडून बसलं तर कापण्यासारखं फारसं काही हाती लागत नाही. तरीही वीस तारखेनंतर खात्यात तीन आकडी रक्कम उरते, आणि काहींच्या फोनवर कर्ज देणारं अ‍ॅप येऊन बसलेलं असतं.

घोळ रकमेत कमी आणि तारखांत जास्त आहे. कॉटचं भाडं पाच तारखेच्या आत. मेसचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आगाऊ. अभ्यासिकेची फी ज्या तारखेला जागा धरली त्या तारखेला, दर महिन्याला. परीक्षेचा फॉर्म विद्यापीठ सांगेल तेव्हा, आणि चुकला तर लेट फी. देण्याच्या तारखा अशा पक्क्या. येण्याच्या तारखा मात्र दुसऱ्याच्या हातात. वडील पगारदार असतील तर प्रश्न नाही. शेती असेल तर सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे, कापसाचे थंडीभर थोडे थोडे, उसाचं बिल कारखाना काढेल तेव्हा. (ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो. कुठल्याही ऊसवाल्याला विचारून बघा.) आणि वर्षातला सगळ्यात मोठा खर्च, म्हणजे प्रवेशाची फी, खोलीचं डिपॉझिट, गादी, लॅपटॉप, हा येतो जून ते ऑगस्टमध्ये. नेमक्या त्याच दिवसांत बियाणं, खत आणि पेरणीत घरातला पैसा जमिनीत गेलेला असतो. आपलं शैक्षणिक वर्ष ज्यांनी आखलं त्यांच्यात खरीप पेरलेला माणूस बहुधा नसावा.

सरकारी पैशाचीही तीच कथा. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी मुलांसाठी स्वयम. पुण्यासारख्या शहरात स्वाधारचे वर्षाला ६०,००० रुपये होतात: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. पुण्याच्या दरात ते पुरत नाहीत, पण आधार मोठा आहे. फक्त तो हप्त्यांनी येतो, आणि मेसवाल्या काकूंना हप्त्यांनी स्वयंपाक करता येत नाही.

देण्याच्या आणि येण्याच्या तारखांमधली ही फट पूर्वीही होती. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या मुलांच्या पुण्यात वेगळ्या गोष्टी सांगायला नकोत. त्या पद्धतीतला जातीचा भाग विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत हेही खरं. वार सगळ्यांना मिळत नसत. पुढे ‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतून आलेली वाट महाराष्ट्रभर गेली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, आणि खेड्यातून आलेल्या गरजू मुलांना आजही तिथे राहण्या-जेवणाची सोय मिळते. पण दरवर्षी पुण्यात येणाऱ्या मुलांची संख्या आणि अशा संस्थांतल्या जागा यांचा मेळ बसणं शक्यच नाही. उरलेल्यांची फट भरते ती मेस.

सदाशिव पेठेतल्या एका मेसची वही मी पाहिली. जाड पुठ्ठ्याची, कडा तेलाने पिवळ्या झालेल्या. प्रत्येक मेंबरला एक पान. दुपार आणि रात्र असे दोन रकाने. जेवला की टिक, नाही आला की गोल. गावी जाणार असाल तर आधी सांगायचं आणि सलग तीन दिवस तरी जायचं, तरच खाडा धरणार. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. पानाच्या वरच्या कोपऱ्यात पैसे भरल्याची तारीख, आणि काही पानांवर तारखेच्या जागी नुसती शिसपेन्सिलीने काढलेली फुली. फुली म्हणजे बाकी. महिना सरत आला तरी अशा फुल्या बऱ्याच पानांवर होत्या.

“बुडवत नाहीत का कुणी?” मी विचारलं.

“बुडवतात की. शेवटच्या वर्षाची पोरं,” काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या. “पहिल्या वर्षाचं पोरगं कशाला बुडवेल? त्याला अजून दोन-तीन वर्षं इथंच जेवायचंय.”

पतमानांकन करणाऱ्या कंपन्या याहून वेगळं काही करत असतील असं मला वाटत नाही. काकूंच्या उधारीला व्याज नाही. तिची एकच अट आहे: वीस तारखेनंतर रोज दोन वेळा त्यांच्यासमोर ताट घेऊन उभं राहायचं. काही मुलांना ते जमतं. काहींना नाही, ती मग वडापाववर काढतात, किंवा “पोट बरं नाही” म्हणून रात्रीचं जेवण टाळतात, आणि अंधारात कॉटवर पडून फोन उघडतात. तिथे कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. आधार, पॅन, एक सेल्फी, आणि दहा मिनिटांत खात्यात पैसे. कर्जाचं अ‍ॅप लोकप्रिय होण्यामागे मला हे सगळ्यात मोठं कारण दिसतं. व्याज कमी आहे म्हणून कुणी तिथे जात नाही. मागायची लाज वाटत नाही म्हणून जातात.

बारावी होऊन आलेलं मूल सतरा-अठरा वर्षांचं असतं आणि अठरा पूर्ण नसतील तर त्याच्याशी केलेला कर्जाचा करार मुळातच रद्दबातल असतो. हा कायदा पक्का झाला तो कलकत्त्याच्या एका धर्मोदास घोषमुळे. अल्पवयीन असताना त्याने सावकाराकडे मालमत्ता गहाण टाकून २०,००० रुपयांचा व्यवहार केला. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने सावकाराला हात हलवत परत पाठवलं. म्हणून प्रत्येक अ‍ॅप आधी जन्मतारीख बघतं. अठरावा वाढदिवस झाला की जाहिराती सुरू होतात.

एका मुलाने मला फोन पुढे करून दाखवलेला व्यवहार असा होता. कर्ज २,००० रुपये, मुदत ३० दिवस. प्रोसेसिंग फी २००, तिच्यावर जीएसटी ३६. हे २३६ आधीच कापून हातात आले १,७६४. महिन्याने परत करायचे २,०६०, कारण व्याज महिना तीन टक्के, म्हणजे ६० रुपये. मुलाच्या डोक्यात साठच रुपये होते. “तीन टक्के म्हणजे काहीच नाही ना सर?” प्रत्यक्षात १,७६४ वापरण्याचे त्याने २९६ मोजले. एका महिन्याला जवळजवळ सतरा टक्के. वर्षाचा दर काढला तर दोनशेच्या वर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हा सगळा खर्च धरून काढलेला वार्षिक दर कर्ज देण्याआधी एका तक्त्यात लिहून दाखवावा लागतो. या व्यवहारातही तो होता. चौथ्या पडद्यावर, बारीक अक्षरात, आणि त्याखाली ‘मान्य आहे’चं बटण मात्र ठसठशीत हिरवं. हा मुलगा बँकेच्या परीक्षांची तयारी करत होता आणि शेकडेवारीची गणितं त्याच्या हातचा मळ होती, हे इथे सांगायला हवं. त्याला गणित येत नव्हतं असं नाही. ते तिथे करायचं आहे हे त्याला सुचलं नाही.

क्रेडिट कार्डाचं गणित वेगळ्या पद्धतीने फसवतं. समजा बाकी १०,००० आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के. बिलावर ‘किमान देय’ म्हणून ५०० रुपये लिहिलेले असतात. ते भरले की मुलाला वाटतं, चला, सुटलो. त्या पाचशेतले ३५० व्याजाला गेले, ६३ व्याजावरच्या जीएसटीला. मुद्दल फिटलं ८७ रुपये. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फिटायला वर्षं लागतील, असा इशारा बिलावर छापायचं बंधन २०२२च्या नियमांनी घातलं आहे. छापतातही.

या दरांची गावातल्या सावकाराशी तुलना केली की गंमत कळते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के आणि बिगरशेतकऱ्याकडून १८ टक्के, याहून जास्त घेता येत नाही. विनापरवाना सावकारी केली तर तुरुंग. मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. आणि कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज नको असा ग्राहक आयोगाचा २००८चा निर्णयही डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. कायद्याच्या भाषेत यात विसंगती नाही. दोन वेगळी खाती, दोन वेगळे नियंत्रक. पण ज्या सावकाराला आपण सिनेमात आणि कादंबऱ्यांत शिव्या घालत आलो, तो परवाना घेऊन बसला तर अ‍ॅपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, हे नमूद करून ठेवायला हरकत नाही.

हे झालं नोंदणीकृत संस्थांचं. त्यापलीकडे जो बाजार आहे तो सरळ गुन्हेगारीचा. तिथे कर्ज सात दिवसांचं असतं, फोनमधले सगळे नंबर आणि फोटो आधीच उचललेले असतात, आणि आठव्या दिवशी मावशीला, वर्गशिक्षिकेला, गावच्या चुलत्याला मेसेज जातात. मुलींचे फोटो बदलून पाठवले जातात. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या वर्षात गुगलने आपल्या प्ले स्टोअरवरून २,२००हून जास्त कर्जाची अ‍ॅप काढली, यावरून पीक किती होतं ते कळावं. त्याच सप्टेंबरात आलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या अ‍ॅपला तुमचे संपर्क, फोटो किंवा कॉलची यादी बघायचा अधिकारच नाही. म्हणजे परवानगी मागतानाच ओळख पटते: संपर्क मागणारं अ‍ॅप नियम मोडूनच दारात आलेलं आहे. जुलै २०२५ पासून वैध अ‍ॅपची यादीही रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. धमक्या सुरू झाल्या तर १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक. आणि एक अ‍ॅप फेडायला दुसरं उघडायचं नाही, कारण बहुतेकांचा पाय तिथेच खोलात गेलेला दिसतो.

याच गुन्हेगारीच्या वर्गात बसणारी नवी गोष्ट म्हणजे खातं भाड्याने देणं. सीनियर म्हणवणारा कुणीतरी येतो. “तुझं खातं रिकामंच आहे ना? महिन्याला पाच हजार देतो, एटीएम कार्ड आणि सिम दे.” वीस तारखेनंतर हे पाच हजार फार मोठे दिसतात. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात, मग एखाद्या भलत्याच राज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठतं, आणि नोटीस येते ती खातेदाराच्या नावाने. सीनियरचा फोन तोवर बंद असतो. मुलं याला कर्ज समजत नाहीत, गुन्हाही समजत नाहीत. आपलं खातं, आपण दिलं, एवढाच विचार.

पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलताना मी सिबिलचा, म्हणजे पतअहवालाचा, विषय काढला की बहुतेकांनी तो घर घेतानाचा प्रश्न म्हणून बाजूला सारला. पण तो नोकरीच्या वेळीही आड येतो, आणि पुण्यातल्या अभ्यासिका तर बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांनी भरलेल्या आहेत. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत, कर्जफेडीत कसूर केलेले उमेदवार अपात्र, अशी अट असते. तशाच कारणाने रद्द झालेली एक नेमणूक मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने बँकेची बाजू धरली. दोन हजारांचं कर्ज थकलं तरी त्याची नोंद होते. पतअहवालात प्रत्येक महिन्याला किती दिवस उशीर झाला ते मागच्या ३६ महिन्यांचं दिसतं. तीन वर्षांची पदवी आणि छत्तीस महिने: पहिल्या वर्षाच्या शेवटाला केलेली चूक निकालानंतरच्या मुलाखतीलाही हजर राहते. अहवाल वर्षातून एकदा तो देणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून फुकट मिळतो. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने तो एकदा काढून बघावा. स्वतःच्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला हप्त्याचा फोन त्यात सापडलेली मुलं आहेत.

मग करायचं काय? रोजचा खर्च लिहून ठेवा वगैरे सल्ले मी टाळतो. दोन महिन्यांपलीकडे कुणी लिहीत नाही. त्यापेक्षा जालन्याकडच्या एका मुलीची रीत मला पटली. यूपीआय लाइट नावाची जी छोटी वेगळी थैली फोनमध्ये असते, तिच्यात ती दर सोमवारी सातशे रुपये टाकते. चहा, झेरॉक्स, बस, मैत्रिणीचा वाढदिवस, सगळं त्यातून. शुक्रवारी थैली संपली तर संपली. मुख्य खात्याला ती आठवडाभर हात लावत नाही, आणि भाडं-मेसचे पैसे तिथे सुरक्षित राहतात. आईवडिलांना नियंत्रण हवंच असेल तर २०२४ पासून यूपीआय सर्कल आहे. त्यात खातं पालकांचं, आणि मुलाला महिन्याला १५,००० पर्यंत ठरवलेल्या मर्यादेत खर्च करता येतो. मुलांना ते आवडत नाही. आईला प्रत्येक चहा दिसतो.

रोजच्या चिल्लरीपेक्षा जुलैतला एक निर्णय जास्त पैसे वाचवतो, आणि त्याकडे फारच थोड्या घरांचं लक्ष जातं. शैक्षणिक कर्ज काढताना लोक फक्त फीचा आकडा लिहितात. बँकांच्या नमुना योजनेत वसतिगृह, बाहेर राहायचं झालं तर वाजवी राहण्या-जेवणाचा खर्च, पुस्तकं, अगदी लॅपटॉपही बसतो. चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होते आणि तोवर व्याज सरळ पद्धतीने धरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत निवडक संस्थांमधल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूटही आहे. महिन्याची मेस दहा टक्क्यांच्या आसपासच्या कर्जातून भागवायची की दोनशे टक्क्यांच्या, असा हा प्रश्न. “जेवायला कर्ज काढायचं?” असं वडीलधारे विचारतात तेव्हा त्यांना हे माहीत नसतं की पोरगं ते काढून बसलेलं आहे.

कार्ड हवंच असेल, आणि पत तयार करायला त्याचा उपयोग होतोही, तर मुदत ठेवीवर मिळणारं घ्यावं. दहा-पंधरा हजारांची ठेव, तेवढ्याच आसपासची मर्यादा, आणि बिल पूर्ण रकमेने आपोआप वळतं होण्याची सूचना पहिल्याच दिवशी. ठेवीला हात लागायची भीती हाच त्यातला ब्रेक.

बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या त्या मुलाचं पुढे काय झालं ते त्यानेच सांगितलं. दोन हजारांचं कर्ज तीन अ‍ॅपवर पसरत एकोणीस हजारांवर गेलं तेव्हा गावी जाऊन त्याने वडिलांना सांगितलं. सांगायला तीन महिने लावले. वडिलांना कर्जातलं काय कळणार, असं त्याला वाटत होतं. वडील गेली वीस-बावीस वर्षं सोसायटीचं पीककर्ज घेतात आणि मार्चएंडच्या आत भरतात, कारण राज्याच्या व्याज सवलतीत तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. घरात कर्जाची सगळ्यात जास्त जाण असलेल्या माणसापासूनच मुलगा कर्ज लपवत होता. वडिलांनी आधी तारीख विचारली, मग दर, आणि रक्कम सगळ्यात शेवटी. मामाकडून हातउसने घेतले. एका कंपनीचा माणूस फोनवर म्हणत होता की बारा हजारांत सेटलमेंट करून टाकू. वडिलांनी ती नाकारली: “तडजोड नगं, समदे भर. तडजोड केली की कागदावर तडजोडच ऱ्हाती.” पतअहवालातही नेमकं तसंच होतं, ‘सेटल्ड’ ही नोंद फेडलेल्या कर्जासारखी धरत नाहीत. पैसे भरून झाल्यावर मुलगा निघाला तेव्हा त्यांनी पुन्हा थांबवलं आणि बेबाकीचा दाखला मागायला लावला. त्याला अ‍ॅपवाले ‘नो ड्यूज’ म्हणतात. तिन्ही ठिकाणचे दाखले यायला पाच आठवडे लागले, आणि तेवढे दिवस वडील रोज संध्याकाळी फोन करून आलं का, एवढंच विचारत होते.